तीनशे शहात्तर नंबरचा चौकोन

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेसबॉल कार्ड मंडळाचे जुने कारभारी श्री. स्टॅन वोयचिक, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हा हॉल आपल्याला वापरू देणाऱ्या अग्निशमन दलाच्या प्रमुख अडेलबाई कून्ट्झ, व्यासपीठावरची, म्हणजे दोन टेबलं जोडून त्यांच्यामागे बसलेली मंडळी, आणि समोर जमलेल्या सगळ्यांनो,

आणि तू, व्हर्ल. पहिल्या रांगेतला, चौकड्यांच्या शर्टातला. आजचा सत्कार तुझा आहे.

मी लॉर्ना, व्हर्लची धाकटी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, स्वतः मात्र आठवीपुढे गेले नाही. स्टॅनने सांगितलंय, दहा मिनिटं बोल आणि गोड बोल. दहा मिनिटं जमतील. गोडाचं काय ते या हॉलला माहीत आहे. गेल्या नाताळात खुर्च्या न उचलता सटकणाऱ्या ओडेलला मी गाडीतून उतरवून परत आणलं होतं. हसतोस काय ओडेल, तूच तो.

सोमवारी व्हर्लला मी लायमा गावाच्या रस्त्यावरच्या वृद्धनिवासात पोचवणार आहे. तिथे दाराला कुलूप असतं. दोनदा तो सपाता घालून हमरस्त्यावर गेला, दोन्ही वेळा मी कामावर होते. याहून जास्त मला त्यावर बोलायचं नाही.

बोलायचंय ते कार्डांबद्दल. १९६४ चा संच व्हर्लने नवव्या वर्षी सुरू केला. बबलगमच्या पुड्यातून खेळाडूच्या फोटोचं एकेक कार्ड निघायचं. त्यातच एक यादीचं कार्ड असतं. त्यावर खेळाडूंचे नंबर, नावं आणि प्रत्येक नावापुढे एक बारका चौकोन. कार्ड मिळालं की पोरं त्या चौकोनात पेन्सिलीने खूण करायची. तुमच्यापैकी निम्म्यांनी केली असेल आणि किंमत कोऱ्या कार्डालाच येते म्हणून आज कपाळ बडवत असाल. आमच्या गल्लीत एकट्या व्हर्लने केली नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ते कोरं कार्ड मीच सांभाळलं असं वाटतं. साठ वर्षं त्याच्यावर टिंबसुद्धा पडलं नाही.

संचात एकच कार्ड कमी होतं, तीनशे शहात्तर. कोणी राखीव कॅचर होता, त्याच्या घरच्यांना तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी स्टॅनने ते आणून दिलं. व्हर्ल लहान पोरासारखा रडला. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं, तीनशे शहात्तर आहे का कोणाकडे? तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. मग ओडेलने स्वतःच्या संचातून काढून दिलं. व्हर्ल पुन्हा रडला. त्यानंतर दर महिन्याला कोणी ना कोणी ते कार्ड शोधून आणत होतं आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच दिल्यासारखं देत होतं. मला यातलं कोणी काही कळू दिलं नाही. मार्चमध्ये बुटांच्या खोक्यात मला तोच कॅचर एकोणीस वेळा सापडला.

तो रविवार होता, मी बटाटे सोलत होते. व्हर्लने सकाळपासून नवव्यांदा विचारलं, तीनशे शहात्तर मिळालं का? मी खोकं आणून एकोणीसच्या एकोणीस त्याच्यासमोर मांडली. त्याने सगळी नीट बघितली, छान आहेत म्हणाला, आणि पुन्हा विचारलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. वाणसामानाची यादी करायचं पेन हाताशी होतं. त्याच्या कार्डांच्या वहीतून ते यादीचं कोरं कार्ड ओढलं आणि तीनशे शहात्तरच्या चौकोनात जोर लावून खूण केली. मिळालं, म्हटलं. संपलं.

त्याला काही कळलं नाही. तासाभराने मात्र वही उघडून माझ्यापुढे उभा राहिला.

"लॉर्ना, हे कोणी केलं?"

आणि मी म्हणाले, "तूच केलंस, व्हर्ल."

का म्हणाले? मला लाज वाटली म्हणून. एरवी कोणाच्या बापाला न घाबरणारी मी, एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावरून खोटं बोलले. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग दोन्ही हात खिशात घातले. त्या दिवसापासून ते तिथेच आहेत. जेवायला बाहेर येतात, तेही मी ओरडल्यावर. एप्रिलमध्ये तो इथे आला नाही.

स्टॅनने कारण विचारलं. मी सांगितलं, यादीच्या कार्डावर शाई लागली. कोणी लावली ते सांगितलं नाही, आणि तुम्ही सगळे जे समजायचं ते समजलात. स्टॅनने आपल्या पत्रकातून ते गावोगावच्या मंडळांना कळवलं. तेरा दिवसांत अकरा पाकिटं आली, प्रत्येकात १९६४ चं यादीचं कोरं कार्ड. नेब्रास्कातल्या एका न्हाव्याने आपल्या पुऱ्या संचातून काढून पाठवलं. लिहिलं होतं, माझा अपुरा राहू दे, मला अजून शोधता येतं. मी त्या माणसाचं तोंडही बघितलेलं नाही.

व्हर्लने अकराही कार्डं हात न लावता बघितली आणि मला म्हणाला, "उंचावर ठेव. माझा हात पोचणार नाही असं."

मे महिन्यापासून मी रोज त्याला खरं सांगते. व्हर्ल, ते मी केलं. तो असा चिडतो की काय सांगू. पेनाने? निदान पेन्सिल तरी घ्यायची होतीस, अक्कल कुठे होती तुझी? मग आईपासून सुरुवात करून माझा सगळा उद्धार होतो. तेवढा पाव तास तो अगदी पहिल्यासारखा असतो. जेवण वाढेपर्यंत सगळं पुसलेलं, आणि हात पुन्हा खिशात. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, अर्धं कळलं. माझं एक खोटं त्याच्यात रुतून बसलंय आणि रोज सांगितलेलं खरं टिकत नाही. यावर उपाय काय, तुम्ही सांगा. मला तर सुचत नाही.

तिथे भेटायची वेळ दोन ते चार. मला रविवारशिवाय जमणार नाही. म्हणून मागणं आहे. तुम्ही जाल, हे मला ठाऊक आहे, रिकाम्या हाताने जाणारी जात नव्हे तुमची. पण कार्डं नेऊ नका. त्याला एवढंच सांगा, व्हर्ल, ती खूण लॉर्नाने केली, पेनाने. वर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. ओडेल, तू जरा सावकाश दे, दोनपासून चारपर्यंत पुरायला हव्यात.

एकोणीस वेळा तुम्ही त्याला पहिल्यांदाचा आनंद दिलात, त्याबद्दल आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. अडेलबाई, हॉलबद्दल तुमचेही आभार. बोलताना कोणाचा मान राहिला नसेल, काही जास्त-कमी झालं असेल, तर पोटात घाला. पेनाचं मात्र पोटात घालू नका, ते त्याच्यासमोर दर वेळी काढा.

आणि स्टॅन, तुझं अध्यक्षीय भाषण नंतर कर. व्हर्लकडे बघ, माझ्याकडे बोट रोखून काहीतरी बोलतोय. सुरी दे त्याला. केक आत्ताच कापून घेऊ, हात बाहेर आहे तोवर.