टिंब कुठल्या अंगाला

— बसा की सर, उभं का? व्हय, तीच खुर्ची, उचगावात आमच्याकडं हीच हाय. मी क्रांती, तुमची जुनी पीएचडीची विद्यार्थिनी — विसरला असाल म्हणून सांगते. आणि कशाला आलाय तेबी ठाऊक हाय मला. त्या बिस्मथ-टेल्युरियम-आयोडीनच्या स्फटिकांवर बाजू ओळखायला मी काळं टिंब दिलतं, ते कुठल्या अंगाला, एवढंच विचारायचंय न्हवं? एवढ्यासाठी स्वतः गाडी चालवत आलाय. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

म्हणजे परदेशातल्या दोन प्रयोगशाळांना तुमच्या उलटं उत्तर आलं. येणारच की. त्या दगडाला दोन अंगं — एकीकडं टेल्युरियम, दुसरीकडं आयोडीन. पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन जिकडं पळतो त्यावर त्याचा स्पिन, म्हणजे फिरकीचा रोख, ठरतो, आणि टेल्युरियमच्या अंगाला जो फेर उजवा, तो आयोडीनच्या अंगाला डावा. दगड पालथा पडला की पेपर पालथा. मला कुणी विचारलं? भट्टीपाशी मी बसले, स्फटिक मी वाढवले, आणि पेपरवर नाव कुणाचं — ऋतुराजचं, तुमच्या पुतण्याचं. 'पोरगी लग्न करून जाणार, तिला नाव काय करायचंय' — तुम्हीच म्हणालता, मी दारात उभी होते. छापून आल्यावर आकृती बघूनच चूक कळली मला. मी एक फोन केला असता तर झालं असतं. न्हाय केला. कागलच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासत बसले आणि वाट बघितली, तुमचं हसं कधी होतंय त्याची.

आता म्हणताय, दगड सगळे मोजण्यात संपले, तुकडाबी शिल्लक न्हाय. टिंब मागच्या, आयोडीनच्या अंगाला होतं असं मी म्हटलं की नुसती दुरुस्ती छापून सुटाल, न्हायतर सोमवारी चौकशी समितीपुढं पेपर मागं घ्यायचा. घ्या की मग. मी न्हाय सांगणार. ऋतुराजला विचारा, त्यानंच केलंय ना सगळं? — त्याला काय कळणार, टिंब दिसलं की तीच बाजू पुढची, एवढीच त्याची अक्कल. अहो, पोराला तीट लावतात ती कुठं? माझी आई कानामागं लावायची, चांगलं तोंड काळं कशाला करायचं म्हणून. माझे दगड काय कमी लाडाचे होते? टेल्युरियमचं अंग ते, आरशागत लखलखीत, त्याला शाई लावीन व्हय मी —

...

हसताय का? सर, शर्टाच्या खिशात फोन कशाला उजळलाय? रेकॉर्डिंग चालूच होतं व्हय मगापासनं?

असू दे. बंद करू नका. माझ्या तोंडून पाहिजे होतं ते मिळालं की तुम्हाला. पण आता समितीला अख्खं ऐकवायचं — भट्टीपाशी कोण बसलं, नाव कुणाचं लागलं, दारात मी काय ऐकलं, सगळं. मधलं कापलंत तर सोमवारी मी स्वतः येते तिथं. चहा ऱ्हाऊ दे. उठा.