खालच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर

अमेरिकेत सेंट पॉलला राज्याच्या विमा खात्यात एजंटच्या परवान्यासाठी बसलो होतो. शेजारी दोन बायका, चौकशीला बोलावलेल्या.

"ब्रेना, कॉफी खाली ठेव. सांडशील."

"लॉर्ना, आत काय सांगू गं?"

"घरं विकणारी कंपनी आपल्या मालकाची. घराच्या मालकीवर पुढे वाद निघाला तर भरपाई देणारा विमा विकणारी आपली कंपनीही त्याचीच. हे गिऱ्हाइकाला आधी लेखी कळवायचं असतं. आपण कळवलं. फॉर्मवर सह्या आहेत, संपलं."

"सह्या मी गेल्या महिन्यात घेतल्या! डोनटचा डबा घेऊन दारोदार फिरले. घरं विकली मार्चमध्ये, म्हणून मार्चची तारीख टाकली, तूच सांगितलंस तशी."

"हळू बोल! सही कधीची ते शाई सांगते का?"

"शाई नाही. ही झेरॉक्स बघ, खालचा कोपरा."

"चष्मा गाडीत राहिला. वाच."

"फॉर्मची छपाई, जून."

"काय?"

"मार्चमध्ये हा कागदच नव्हता, लॉर्ना."

"असे किती भरलेस?"

"अकरा. सगळे आत, त्यांच्या टेबलावर."

दार उघडून अधिकाऱ्याने विचारलं, "आधी कोण येतंय?"

"ही," लॉर्ना म्हणाली. "अक्षर हिचंच आहे."