बावन्न किलोची चांगुणाबाई

— न्हाई न्हाई, बोकड हाय. खोटं काहून बोलू? बोकड हाय, पर घरी हाय. बसा ना स्वप्निलभाऊ, बसा, बाकड्यावर जागा हाय. फोनवर मी काय म्हन्लं? ‘डोंगरकड्याच्या शाळेत या, मंग बोकड दाखवते.’ मंग म्हन्जे मंग! ही रांग सरल्यावर. कळमनुरीहून गाडीवर आलात, दम खा जरा. ह्या गाद्या? शिबिर हाय, रगतदानाचं. आजच हाय, मला बराबर ठाऊक व्हतं. हसू नका — बरं हसा, हसल्यानं रगत पातळ होते म्हन्तेत. कोनी म्हनत न्हाई, मीच म्हन्ले आत्ता. वजन किती तुमचं? थांबा, सांगू नका. जन्म बकऱ्या राखन्यात गेला, मी कमरेवर हात ठेवून बकऱ्याचं वजन सांगते, तुमी तर समोर बसलेत. बहात्तर! आलं ना बराबर?

मी देते का? अवो, मला घेतच न्हाईत. तीन बार गेले, तीन बार माघारी. पयल्या बारी वजन भरलं बेचाळीस, त्यायला पंचेचाळीस पायजे. मंग दुसऱ्या बारी मी काय केलं — कोनाला सांगू नका — ओढ्यातले गोटे आनले आन लुगड्याच्या ओच्यात बांधले. काटा गेला सत्तेचाळीसवर! डॉक्टरीनबाई खूश, मी खूश. बोट टोचायला हात पुढं केला, तर एक गोटा सुटला — टाक्कन फरशीवर. त्याच्या मागं दुसरा. बाई म्हन्ली, ‘मावशी, तुमाला मूतखडा हाय काय?’ सगळी शाळा हसली. तिसऱ्या बारी शेंगदाने-गूळ खाऊखाऊ वजन भरवलं, तर रगतच फिकं निघालं. म्हने, मावशी, तुमालाच द्यावं लागंल. तवा मी ठरवलं, माझं घेत न्हाईत ना, मंग दुसऱ्याचं आनते.

आता रतनसिंगाला इचारा, तो बघा रांगेत पयला उभा हाय. त्याला म्या ‘तुझा साडू आलाय शाळेत’ म्हनून आनलं व्हतं. नुसती सुई बघितली आन गडी आडवा! टोचायच्या आदी! शुद्धीवर आला तर म्हन्तो, आता पडलोच हाव गादीवर, तर घेऊन टाका. डॉक्टर म्हन्ले, आज न्हाई. रुसला की वो! पुढल्या शिबिराला आपन होऊन आला. आता दर बारी सगळ्यात आदी त्याचीच चप्पल असते दारात.

काहून करते म्हन्ता ही उठाठेव? तुमीबी लय इचारता. सहा वर्सं झाली. आमची लेक, रागिनी, नांदेडला बाळंत झाली. लेकरू आलं, रडलं, समदं बराबर — आन मंग रगत थांबंचना. चादर बदलली, परत बदलली. डॉक्टर म्हन्ले, तीन पिशव्या पायजेत, आत्ता. रक्तपेढीतून आल्या, चढवल्या, लेक वाचली. लेकरू आता पयलीत जाते. पर रगत कोनाचं? मी सिस्टरला म्हन्लं, नाव सांग बाई, शेळीची एक चांगली पाठ धाडते त्याच्या घरी. ती म्हन्ली, नाव सांगत न्हाईत, मावशी. देनाऱ्यालाबी ठाऊक नसते कुठं गेलं. घ्या! उपकार मानायलाबी मानूस न्हाई! महिनाभर माझं डोस्कं फिरलं व्हतं — एस्टीतला कंडक्टर दिसला की वाटायचं, ह्याचं तर नसंल? त्याला उगंच रामराम. केळीवाल्याला रामराम. एका हवालदाराला घातला, तो म्हन्ला, बाई, काय केलंय तुमी?

घरच्यांनी? व्हय, सिस्टर म्हन्ली व्हती, पेढीतलं आमी दिलं, आता घरातलं कोनी द्या, पुढल्या बाईच्या कामी येईल. जावयानं दिलं, खरं ते बोलावं. आमचं मानूस म्हन्लं, घरी बकऱ्या सुटल्या असतील, आन एस्टी धरली. नांदेडात बसून ह्यायला बकऱ्या दिसल्या! आन मी — मी तर काय — माझं वजनच —

न्हाई. तवा न्हाई. तवा मी बावन्न किलो व्हते. वजन मंग टायफाईडात गेलं. तवा काट्यावर उभी राह्यले, बोट टोचलं, सिस्टर म्हन्ली, ‘मावशी, झकास रगत हाय, या आत.’ मी म्हन्लं, पानी पिऊन येते. आन जिन्याखाली जाऊन बसले, तोंडावर पदर घेऊन. ती हाका मारून राह्यली — ‘चांगुनाबाई, ओ चांगुनाबाई’ — आन मला ऐकू येऊन राह्यलं. लेक वर कोनाच्या तरी रगतावर जगून राह्यली, आन आई जिन्याखाली. मी मेले तर लेकीचं बाळंतपन कोन करंल, असं मनाला सांगितलं. खोटं. भ्या वाटलं, बस. हे कोनालाच ठाऊक न्हाई. आमच्या मानसालाबी न्हाई — त्यायला तर सहा वर्सं झाली, मीच बकऱ्यांवरून टोमने मारून राह्यले.

काहून उठलेत? निघालात काय?

हे बघा, जबरदस्ती न्हाई. हे मनानं द्यायचं असते. मी गंमतीनं बोलावलं, राग मानू नका. कामाची घाई असंल तर फाटक त्या अंगाला हाय, गाडी सावलीतच हाय. मी काय म्हननार न्हाई —

ओ स्वप्निलभाऊ. ओ! फाटक इकडं हाय. तिकडं तर अर्ज भरायचं टेबल —

हं.

बाही वर करा मंग. आन माझ्याकडं काय बघता? जा!