आल्तो रोब्लेदालची गाडी नापास होत नाही

आमच्या ग्रामविकास मंडळाच्या प्रमुख आणि आजच्या अध्यक्ष श्रीमती ओदिलिया सोलानो, एवढी चढण चढून आशीर्वाद द्यायला आलेले फादर अन्सेल्मो, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे वडील श्री. एवेलिओ उरेन्या, आणि कॉफीची तोडणी अर्धी टाकून इथे जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला भाषणाची सवय नाही. माझा दिवस गाडीखाली पडून जातो आणि तिथे समोरचा ऐकणारा म्हणजे सायलेन्सर. पण ओदिलियामावशी परवा गॅरेजमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "योर्लेनी, पप्पा निवृत्त होताहेत, गॅरेज आता तुझं. चार शब्द बोल. आणि बोलता बोलता जरा सांगून टाक, की आपली सोय आहे तशी चालू राहील. लोकांच्या जिवाला घोर लागलाय."

तर आधी चार शब्द बोलते. सोयीचं नंतर बघू.

या मानपत्रावर काय लिहिलंय, ते सगळ्यांनी वाचलं असेल. 'यांच्या हातून गेलेली एकही गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली नाही.' खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं आहे. शहरातले जुन्या गाड्यांचे दलाल आपल्या गावाचं नाव काढलं की मान डोलावतात. गेल्या वर्षी एक दलाल मला म्हणाला, "ताई, ही जीप दुसरीकडे कुठे बघितली तर धड दोन वर्षं पास होत नाही. तुमच्या गावात हिला झालंय तरी काय? पाणी वेगळंय का?" मी म्हटलं, हो, डोंगरातलं पाणी आहे.

हसा, हसा. मीही तेव्हा हसलेच होते.

फादर, तुम्ही आपल्याकडे नवीन आहात, म्हणून सांगते. या गावात सगळ्यांकडे एकाच जातीची जुनी जपानी जीप का आहे? ती चांगली आहे म्हणून? अहो, तिला गंज धरतो, ती पेट्रोल पिते, आणि तिच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याची कंबर मोडते. तरी सगळे तीच घेतात, कारण पप्पांच्या गॅरेजमध्ये भिंतीला जे चार कोरे टायर टांगलेले असतात, ते फक्त तिलाच बसतात. सकाळी गाडी यायची, गुळगुळीत टायर उतरायचे, कोरे चढायचे. गाडी खाली शहरात जाऊन पास होऊन यायची. संध्याकाळी कोरे पुन्हा भिंतीवर आणि गुळगुळीत पुन्हा गाडीवर. सरकारनेही कशी छान सोय करून ठेवली आहे बघा! नंबरच्या शेवटी एक असेल त्याची तपासणी जानेवारीत, दोन असेल त्याची फेब्रुवारीत, असं करत शून्यवाल्यांची ऑक्टोबरात. म्हणजे भांडण नाही, गर्दी नाही. नोव्हेंबर-डिसेंबर टायरांना सुट्टी.

नाही, रामिरोकाका, खाली बघू नका. तुमच्या एकट्याबद्दल बोलत नाहीये मी. या हॉलमध्ये असं एकही घर नाही, ज्याने ते टायर नेले नाहीत.

पप्पांनी यात कधी काही घेतलं नाही, हेही सांगायला हवं. कॉफीचा भाव पडला होता, लोकांना टायर परवडत नव्हते आणि पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःचे टायर काढून शेजाऱ्याला दिले. चांगल्या मनानेच दिले. पण पुढे भाव चढला, घरांवर नवे पत्रे आले, हॉलमध्ये हे स्पीकर आले. टायर मात्र कुणाकडेच आले नाहीत. कशाला येतील? गाडी पास होत होती!

माझा संताप होतो तो इथे. तुमच्यातल्या कुणालाही विचारावं, "गाडी कशी आहे?" की उत्तर ठरलेलं, "पास आहे." अहो, मी गाडी कशी आहे ते विचारते आहे!

आता ऑक्टोबरबद्दल बोलते. नको का बोलू? तीन महिने कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. माइनोर तिथे खांबाजवळ उभा आहे. शाळेची मुलं तोच ने-आण करतो. त्याच्या नंबरच्या शेवटी शून्य, म्हणजे ऐन पावसातली तपासणी. पास झाली. संध्याकाळी कोरे टायर मीच उतरवले, पप्पांनी भिंतीवर टांगले. त्याच आठवड्यात पुलाच्या वरच्या वळणावर मुलांनी भरलेली जीप घसरली ती सरळ कॉफीच्या मळ्यात. खाली नदी होती. मध्ये एक पेरूचं झाड आलं म्हणून थांबली.

पप्पा दोरखंड घेऊन त्या पावसात धावत उतरले. एकेक मूल त्यांनी कडेवर घेऊन वर आणलं. ओदिलियामावशी, तुमची नातही त्यांनीच आणली. मी हे विसरलेली नाही आणि कुणी विसरूही नये.

मग आम्ही घरी आलो. आईने सगळ्यांना गरम गुळाचं पाणी दिलं. मी म्हटलं, "पप्पा, ते टायर आपल्याकडे भिंतीवर होते." ते म्हणाले, "पण पोरी, गाडी तर पास झाली होती!" आणि दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मी दुकानात ऐकलं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलं, मुलांच्या आयांच्या तोंडून ऐकलं. पास झाली होती, मग घसरली कशी? माइनोर, तूसुद्धा तेच म्हणालास, आणि स्टिअरिंगवर तू होतास.

मला वाटलं होतं, आता तरी कुणी टायर घेईल. जानेवारी लागला. पहिल्याच सकाळी गॅरेजसमोर एकवाल्यांची रांग. रांगेत पहिल्या कोण, ते मी सांगत नाही, आज त्या अध्यक्ष आहेत.

बसा मावशी, रागावू नका. तुम्ही माझ्या आईसारख्या आहात, म्हणूनच तोंडावर बोलते.

तर आता सोयीचं. भिंत आज रिकामी आहे. ते चारही टायर मी सकाळी माइनोरच्या जीपवर चढवले. ते उतरणार नाहीत. मुलांना शाळेत नेता-आणता झिजतील, तेव्हाच उतरतील.

काय म्हणालात? मोठ्याने बोला. शाळा फेब्रुवारीपर्यंत बंद आहे, तोवर जानेवारीपुरते द्यावेत? बघा, फादर, बघा! अजून जेवणातले मक्याचे तमाल पानात पडले नाहीत आणि यांचा हिशेब झालासुद्धा!

नाही देणार. पप्पा, तुम्ही सांगितलंत तरी नाही. तुमच्या हातून गाडी नापास झाली नाही, हा तुमचा मान आहे आणि तो तुमच्याबरोबर घरी जाऊ दे. तुमच्यावर माझा जीव आहे, आणि ऑक्टोबरपासून तुमच्यावर माझा रागही आहे. दोन्ही आज इथे सगळ्यांसमोर सांगितलं, कारण घरी तुम्ही विषय बदलता.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, बायाबापड्यांनी कालपासून चुलीपाशी खपून जेवण केलं, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर आपलीच पोर म्हणून पोटात घाला. सोमवारी ज्यांची तपासणी आहे, त्यांनी आपापल्या टायरांवर जा. नापास व्हाल. व्हा एकदा. मग गाडी माझ्याकडे आणा.