विहिरीच्या पाण्यातले शिंपले

पांढरकवड्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक वृद्ध दांपत्य बसले होते; कोकणातून लग्न होऊन आलेली त्यांची सून आत डॉक्टरांपुढे होती.

"तिच्या भावानं आणलेले जित्ते शिंपले तू विहिरीच्या पाण्यात काहून टाकले, भागीरथा?" म्हाताऱ्याने बायकोला विचारले.

"सुकून मरतीन म्हटलं. आपल्या विहिरीचं पाणी किती गोड!"

"खाडीतल्या चिखलात राह्यतेत ते. नळी बाहेर काढून खारं पाणी ओढतेत. त्यातच श्वास, त्यातच जेवण. गोडं पाणी लागलं का घट्ट मिटून घेतेत."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"सुनेनंच. नवी होती तवा लय बोलत जाये."

"सकाळी सारे उघडलेले दिसले. मले वाटलं, रुळले. तिले हाक मारून दाखवले, तं पाहातच राह्यली."

"मेल्यावर उघडतेत ते."

"अहो, पावसाळाभर तोंड मिटून होती पोरगी. आज आपणहून बोलली."

"काय म्हणे?"

"म्हणे, 'आई, आता मला कशाचंच काही वाटत नाही.' मले भेव लागलं. आजच्याच गाडीनं तिले माहेरी नेऊन घाला."

"सोयाबीनची सोंगणी टाकून?"

"सोंगणी दरसाल येते."