डेलमारचा फोन

कॅन्ससच्या कुरणावर त्या संध्याकाळी गवताचं पातंही हलत नव्हतं. लांबच्या लोखंडी टोपलीत तबकडी फेकायचा तो खेळ; हातात तबकडी घेऊन मी माझ्या पाळीची वाट बघत बाकावर बसलो होतो. पुढे सत्तरीतली दोघं खेळत होती.

"वर्ना, टोपली डावीकडे आहे. तू फेकलीस उजवीकडे, उंच गवतात!"

"वारा आहे, लेलंड."

"कुठाय वारा? चल, शोधू."

"राहू दे. तबकडीच्या मागे डेलमारचं नाव आहे, नंबर आहे. ज्याला सापडेल, तो करेल फोन."

"तुझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. त्याचा फोन अजून चालू ठेवलायस?"

"रोज चार्ज करते. बर्फानं गवत आडवं झालं की कुणी ना कुणी विचारतं, 'डेलमार आहे का? त्याची तबकडी सापडलीय.'"

"मग काय सांगतेस?"

"खेळायला गेलाय म्हणते."

"जन्मात कधी नेम लागला नाही माझ्या भावाचा."

"म्हणून तर इतक्या तबकड्या हरवल्या! तुझ्यासारखा नेमबाज असता, तर फोन केव्हाच मुका झाला असता."

"...पिशवीत त्याच्या अजून किती उरल्यात?"

"चार."

"दे एक इकडे."

"अरे लेलंड, टोपली डावीकडे आहे! तूही गवतात फेकलीस!"

"वारा आहे, वर्ना."