धीर देण्याची परीक्षा

नवरा आयसीयूत, म्हणून ती हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभी होती. पुढे दोन डॉक्टर होते, एक म्हातारे, एक तरुण. नव्या डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन ते नुकतेच खाली आले होते.

“तो उंच मुलगा छान बोलतो, सर.”

“पाठ करून आल्यासारखं. परीक्षेसाठी नर्सबाईंनी पेशंटची नातेवाईक होऊन रडायचं नाटक केलं, तर हा लगेच म्हणतो, ‘मी समजू शकतो.’”

“आणि ती मुलगी? ती तर बोललीच नाही.”

“खुर्ची ओढून शेजारी बसली. मग विचारलं, घरून कुणाला बोलावून घेऊ का.”

“एवढंच? मार्क कशाचे द्यायचे?”

“बसली, त्याचे द्या.”

“बसायला वेळ कुणाला आहे, सर? त्या मुलालाच घेऊ.”

“बघा बुवा.”

तिने धीर करून विचारलं, “डॉक्टरसाहेब, आमच्या ह्यांना आज भेटू देतील का? आयसीयूत आहेत, खिडकीजवळच्या बेडवर.”

तरुण डॉक्टर मागे वळला.

“खिडकीजवळचे? ते गेले ना सकाळीच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

म्हातारे डॉक्टर खाली बघत राहिले. रांग पुढे सरकली.

“किती चहा, ताई?” काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

“दोन,” ती म्हणाली. “वर सासूबाई बसल्यात.”